दाजी, तो फॉरवर्ड आधी मागे घ्या

गेल्या रविवारी भाचीला बघायला गेले होते. खानापूर सोडून जांबोटीच्या वाटेला तिचं सासर. सातवा महिना लागलाय तिला. चहा झाला, कुणाकडं काय चाललंय ते झालं, आणि सवयीनं मी विचारलं, ‘लोहाच्या तांबड्या गोळ्या चालू आहेत न्हवं?’ ‘घेते की,’ म्हणाली, पण नजर चुलीकडं. बावीस वर्षं मी बेळगावात रक्त तपासायचं काम करते. सुईला भिणारा माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, दोन्ही मला लांबून कळतात. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले तर हळदीच्या डब्यामागं गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवलेली. एकही गोळी फोडलेली नाही.

मागच्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ८.६ आलं होतं. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेलं की सगळ्यांची धावपळ उडते. ८.६ चा तो कागद मीच तिच्या हातात दिला होता, समजावून सांगितलं होतं, आणि ही बी.कॉम. झालेली पोरगी मान डोलावून घरी गेली होती.

‘का गं बंद केलीस?’

‘मावशी, बाबांनीच पाठवलंय की. पुण्याच्या डॉक्टरांनी शोधून काढलंय म्हणे, ह्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला शुगर लागते.’

बाबा म्हणजे आमचे दाजी, अक्काचे यजमान. निपाणीला असतात. रिटायर झाल्यापासून सकाळी सहाला उठून सगळ्या नातलगांना शहाणं करायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. तो फॉरवर्ड त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो भजनी मंडळात गेला, महिला मंडळात गेला, आणि बुधवारी माझ्याच कामावरच्या एका पोरीनं मला दाखवला, ‘बाई, हे खरं काय हो?’ म्हणून. एवढं फिरून आलाय म्हटल्यावर एकदाच काय ते लिहून टाकते.

‘गर्भवती मातांनो सावधान’ असं त्याचं नाव, आणि आत सहा मुद्दे. एक, गोऱ्यांनी १९४६ पासून नवजात बाळांवर जन्मभराचे प्रयोग चालवलेत आणि आता ते आपल्या जिल्ह्यात आलेत. दोन, जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असलं की डायबेटिस आणि हार्ट अटॅक ठरलेलाच, हे ‘सिद्ध’ झालंय. तीन, म्हणून बारीक बाळाला पहिल्या आठवड्यापासून पावडरचं दूध नि तुपाचं बोट देऊन तीन महिन्यांत वजन तिप्पट करा. चार, लोहाच्या सरकारी गोळ्यांनी मुलं मधुमेही होतात हे पुण्यात सिद्ध झालंय, गोळ्या ताबडतोब थांबवा. पाच, अंगणवाडीतली वजनं आणि ताई कार्डावरची (गरोदर बाईच्या तपासण्या लिहायचं सरकारी कार्ड) माहिती परदेशी कंपन्यांना विकली जाते. सहा, आपल्या आज्ज्या कुठं वजन करत होत्या, नव्वद वर्षं जगल्या. खाली ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. नाव नाही, गाव नाही.

चौथ्यापासून सुरू करते, कारण त्याच्या पायी आमच्या घरातली पोर तीन आठवडे गोळ्यांविना बसली.

हा मुद्दा निव्वळ थाप असता तर बरं झालं असतं. थाप नाही, अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच चिकटतं. पुण्याला केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी त्याचं नाव. लग्न झालेल्या बायकांची नोंद त्यांनी दिवस जायच्या आधीपासूनच ठेवली. कुणाची पाळी चुकली की लगेच कळायचं. मग गरोदरपणात ती काय खाते, किती राबते, रक्तात काय आहे, हे सगळं लिहून घेतलं. सुमारे ८०० बायका. बाळ जन्मल्यावर नुसतं वजन नाही, दंडाचा घेर, पोटाचा घेर, चिमट्यानं पाठीवरच्या कातडीखालची चरबी, सगळं मोजलं. ती बाळं आता तिशीत आहेत आणि त्यांच्यावरचं लक्ष अजून सुटलेलं नाही. एकाच काळात जन्मलेल्या मुलांची अशी एक तुकडी धरायची आणि तिच्या मागोमाग आयुष्यभर जायचं, ह्याला संशोधक बर्थ कोहॉर्ट म्हणतात.

ह्या मुलांना सहा वर्षं झाली तेव्हा त्यांचं रक्त तपासलं. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिन नीट काम करत नसल्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाकडं नेऊ शकणारी, खूण सगळ्यात जास्त दिसली. २००८ साली हे छापून आलं. आणि सरकारी गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड म्हणजे फोलेटच असतं. झालं. कुणीतरी एवढंच वाचलं, बी-१२ हा शब्द गाळला, लोहाला उगाच आरोपी केलं आणि खाली ‘ताबडतोब थांबवा’ लिहून मोकळा झाला.

बी-१२ आणि फोलेट हे एका जुवाला जुंपलेले दोन बैल आहेत. शरीरात एकाचं काम दुसऱ्यावाचून पुढं सरकत नाही. त्या गावांत फोलेटची टंचाई जवळपास नव्हतीच, पालेभाज्या होत्या, गोळ्या होत्या. टंचाई होती बी-१२ ची, तीही तीनातल्या दोघींना. म्हणजे एक बैल पेंड खाऊन तट्ट आणि दुसरा उपाशी, मग गाडी वाकडी जाणारच. त्यावर शहाणा गाडीवान काय करेल? उपाशी बैलाला चारा घालेल. फॉरवर्डवाला म्हणतो, धडधाकट बैलालाही उपाशी ठेवा.

याज्ञिकांनी स्वतः पुढं काय केलं तेही बघा. पुण्याच्या त्याच तुकडीतली मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनी त्यांना बी-१२ द्यायचा प्रयोग सुरू केला, दिवसाला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीत न मावणारं. आणि लोह-फॉलिकच्या गोळ्या? त्या सरकारी नियमाप्रमाणं सगळ्यांनाच दिल्या. ज्या डॉक्टरांच्या नावावर दाजी गोळ्या बंद करायला सांगतात, त्यांच्याच गावांत गोळ्या चालू राहिल्या. ह्यापुढं ह्या मुद्द्यात बोलण्यासारखं काही उरत नाही. पण मी बोलणार आहे.

कारण लोह. तो पुण्याचा निष्कर्ष लोहाबद्दल नव्हताच. आपल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि ते कशासाठी असतं हे कळायला पुण्यालाही जायला नको. २००६ साली ‘लॅन्सेट’ ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, तो आपल्या बेळगाव जिल्ह्यातला. खेड्यांत नर्सबाईंच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० बायका. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलची, म्हणजे रक्तस्राव आवरणारी, गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. औषध न मिळालेल्या शंभरातल्या १२ जणींना अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं. औषध मिळालेल्यांत ते प्रमाण ६.४ वर आलं. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

आता हिशेब करा. ह्याच मातीतल्या शंभर बाळंतिणींत बाराजणींचं अर्धा लिटर रक्त जात होतं. १२ हिमोग्लोबिनच्या बाईचं अर्धा लिटर गेलं तर ती फिकी पडते, चार दिवस पडून राहते, उठते. ८.६ वाल्या बाईकडं घालवायला रक्तच नाही. जांबोटीच्या बाजूला पावसात पूल पाण्याखाली गेला, गाडी मिळायला दीड तास लागला, तर त्या दीड तासात उपयोगी पडणारी एकच गोष्ट तिच्याजवळ असते, आधीच्या सहा महिन्यांत तिच्या अंगात साठलेलं रक्त. ते हळदीच्या डब्यामागं ठेवून चालत नाही.

फोलेटचंही काही वाया जात नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून घडतो ती नळी मिटायची वेळ पहिल्या चार आठवड्यांची, बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आतली. आधी ही नळी नीट न मिटल्याचं व्यंग असलेलं बाळ झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसं व्हायचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, हे १९९१ सालीच ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसलं. म्हणून ती गोळी खरं तर दिवस राहण्याआधीच सुरू व्हायला हवी.

बरं, जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते, नाइलाजानं का होईना. आपल्या गोळीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना ४०० सांगते. आणि बी-१२ तिच्यात नाही. पुण्याचं एवढं सगळं पुढ्यात असताना अजून नाही, हे मला खटकतं. लॅबमध्ये बी-१२ चे रिपोर्ट मी रोज बघते, आणि ते बघून दूध-दही, अंडी, मासळी न खाणाऱ्या घरांची मला काळजी वाटते. आपल्याकडं तर मासळी खाणाऱ्या घरातसुद्धा गरोदर बाईला अंडं ‘उष्ण’ म्हणून देत नाहीत, आणि वाटीभर दही ‘सर्दी होईल’ म्हणून काढून घेतात. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेत दुपारच्या जेवणाबरोबर अंडं, दूध, चिक्की मिळते. भाचीची सासू ते अंडं घरी आणून नातवाला घालायची. विहीणबाईंना मी हात जोडून सांगितलं, नातवाला दुसरं द्या, हे हिला खाऊ दे, आतल्यालाही तेच पोचतंय. डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळीही सुरू केली. उपाय एवढाच होता.

गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, घट्ट होतं, हे सगळं खरं. रात्री जेवून तासाभरानं घ्यायची, वर लिंबू पिळून पाणी प्यायचं. चहाबरोबर घेतली तर लोह चहातच जातं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मला हसू आलं आणि मग राग. वजन अडीच किलोच्या खाली म्हणजे आजार ठरलेला! आपल्याकडं पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवतात बायका, माझ्या वेळीही ठेवली होती. फॉरवर्डवाल्यांनी सटवाईला रजा देऊन तिच्या जागी अंगणवाडीतला लटकता वजनकाटा आणून बसवला एवढंच.

ही कल्पना आली कुठून तेही बघू. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दाया आणि नर्सा घरोघर जाऊन बाळांची वजनं वह्यांत लिहीत. जन्माचं, आणि मग वर्षाचं झाल्यावरचं. त्या वह्या पुढं डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांच्या हाती लागल्या. त्यांनी त्यातल्या पाच हजारांवर पुरुषांचं पुढं काय झालं ते शोधलं आणि १९८९ मध्ये मांडलं, की वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं, त्यांत हृदयविकारानं मरणारे सगळ्यात जास्त. नीट वाचा, वर्षाचं असताना. जन्मानंतरच्या बारा महिन्यांत घरात काय घडलं ह्यालाही तेवढंच वजन आहे. मग कपाळावरचं लिहिलेलं कुठं गेलं?

दिल्लीतही अशीच एक तुकडी आहे, १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्यांची. दर सहा महिन्यांनी त्यांची उंची-वजनं घेतलेली. ती पोरं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर १,४९२ जणांच्या रक्तातली साखर तपासली, २००४ साली ते प्रसिद्ध झालं. ४.४ टक्क्यांना मधुमेह, आणखी १०.८ टक्क्यांना त्याच्या उंबरठ्यावरची साखर. त्या वयाला हे आकडे जास्तच आहेत, मी काही कमी लेखत नाही. पण शंभरातल्या पंच्याऐंशींना काहीच नव्हतं. ‘ठरलेलाच’ हा शब्द ह्यात बसवून दाखवा.

आणि आपल्याच कर्नाटकातलं म्हैसूर. तिथल्या मिशन हॉस्पिटलात १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या, वजन, लांबी, डोक्याचा घेर. नव्वदीच्या दशकात संशोधकांनी हॉस्पिटलाच्या आजूबाजूला घरोघर फिरून त्यातली माणसं हुडकून काढली. मधुमेह जास्त कुणात निघाला? जन्मताना आखूड आणि गुबगुबीत असलेल्यांत, वजनदार आयांच्या पोटी आलेल्यांत. म्हणजे फॉरवर्डमध्ये सांगितलंय त्याच्या उलटं. पुण्यातल्या बाळांचं आणखी वेगळं, जन्माचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इतकं बारीक बाळ, पण त्या मानानं पाठीवरची चरबी शाबूत आणि स्नायू कमी. ‘बारीक पण चरबीदार’ असं ते. नुसता काटा बघून ह्यातलं काय कळणार? काट्याला चरबी नि हाड सारखंच.

म्हणून तिसरा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. चौथ्यानं बाईला खड्ड्यात घातलं तर हा बाळाला घालतो. तीन महिन्यांत तिप्पट! चांगलं पोसलेलं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट. ज्याला हे ठाऊक नाही त्यानं घरात एकही मूल वाढताना बघितलेलं नाही. दिल्लीच्या त्याच अभ्यासात ज्यांना पुढं साखर निघाली ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर भराभर भरत गेले. आणि गंमत म्हणजे बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल बघणाऱ्याला लठ्ठ वाटलं नसतं. आपण अशा पोराला बघून म्हणतो, ‘आता कुठं बाळसं धरलंय.’ पहिल्या दोन वर्षांत उंची वाढू दे, हाड भरू दे, त्याला कुणाची ना नाही. नंतर बिस्किटं नि कुंदा चारून त्याला फुगवण्यात शहाणपण नाही.

आणि पावडर! पावसाळ्यात नळाला तांबडं पाणी येतं तिथं बाटली, बुच, पावडर. बाटली एकदा उकळतात, पुढच्या खेपेला नुसती विसळतात, तिसऱ्या दिवशी हगवण. अडीच किलोच्या बाळाला हगवण झेपत नाही. सहा महिने अंगावरचं दूध, बस. बारीक बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून बांधून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं. तुपाचं बोट, मध, गुटी, ह्यातलं काही नको. तूप बाळंतिणीच्या भातावर घाला, कोण नको म्हणतंय.

पहिला मुद्दा, गोऱ्यांचे प्रयोग. १९४६ चं ते खरं आहे, पण काय खरं आहे ते ऐका. मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात, ३ ते ९ तारखेच्या दरम्यान, इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये बाळंत झालेल्या १३,६८७ आयांना नर्सांनी जाऊन प्रश्न विचारले. बाळंतपणाला खर्च किती आला, दुपट्यांना किती लागले, वेदना कमी करायला कुणी काही दिलं का. कारण तिथं जन्म कमी होत चालले होते आणि बाळंतपणाचा खर्च लोकांना परवडत नाही की काय, अशी शंका होती. त्यातल्या ५,३६२ मुलांच्या मागं ते आजवर आहेत. ती मुलं आता ऐंशीची झाली. दरवर्षी त्यांना वाढदिवसाचं कार्ड जातं. हा प्रयोग म्हणायचा? त्यांना कुणी काही पाजलं नाही, टोचलं नाही. न्यूझीलंडात डनेडिन गावात १९७२-७३ ची १,०३७ मुलांची तुकडी आहे. पंचेचाळिशीच्या तपासणीला हयात असलेल्यांतले ९४ टक्के लोक हजर झाले, परदेशी गेलेल्यांना विमानाचं तिकीट देऊन आणलं. नुसतं बघत राहणं, लिहीत राहणं, हे काम आहे. आपल्याकडं तलाठ्यानं सात-बारा लिहिला म्हणजे शेतावर प्रयोग केला असं कुणी म्हणत नाही.

मिसोप्रोस्टॉलची मात्र खरीच चाचणी होती, बघणं नव्हे, आणि ती आपल्या जिल्ह्यात झाली. ते मी लपवत नाही, वर लिहिलंच आहे. बघणं वेगळं आणि औषध देऊन तपासणं वेगळं. दुसऱ्यात संमती लागते, पहिल्यातही लागते, पण दुसऱ्यात विचारपूस जास्त करावी, सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ते विचारायचं सोडून आपण फॉरवर्ड करतो.

पाचवा. अंगणवाडीतली वजनं विकली जातात म्हणे. काय विकणार, आमच्या पोरांचं ‘साडेआठ किलो’? कोहॉर्टमध्ये नाव काढून क्रमांक घालतात आणि मग हिशेब करतात. पण इथं एक कबूल करते, कारण हे दाजींच्या डोक्यातून आलेलं नाही, हे आपल्या सगळ्यांच्या पोटातलं आहे. ते कार्ड. आपण त्याला ताई कार्ड म्हणतो आणि सगळ्यांना वाटतं, ताईचं कार्ड असेल. कन्नडात तायी म्हणजे आई. नावापासूनच आपल्याला ते कळलेलं नाही, आतला मजकूर तर सोडाच. खेड्यातली मराठी बाई तो कागद हातात धरून बसते, कुणीतरी ‘इथं सही’ म्हणतं, ती करते. एका ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत चार पानांचा फॉर्म ‘नुसतं रक्ताचं आहे’ म्हणून उरकला होता. कळत नाही म्हणून संशय येतो, आणि संशयावर असले फॉरवर्ड पोसतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की संमती माणसाला कळेल अशा भाषेत घ्यायची आणि त्या माणसाला कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. तेव्हा मराठीत सांगा म्हणून अडून बसा. मी बसते. पण त्यासाठी बाळाचं वजन करायचं थांबवू नका, आपलंच पोर घसरतंय की चढतंय हे त्या रेषेवरून कळतं.

राहता राहिली आज्जी. दाजींच्या आज्जीचं मला ठाऊक नाही. आमची आज्जी ब्याण्णव वर्षं जगली, शेवटपर्यंत जोंधळ्याच्या भाकरी थापायची, हे खरं. फॉरवर्ड वाचून मी अक्काला फोन करून विचारलं, तिची बाळंतपणं किती? नऊ. आपली आई, मामा नि मावश्या मिळून किती? पाच. उरलेल्या चौघांचं काय झालं हे अक्काला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, एक तापानं गेलं, एक पोटात असतानाच, आणि दोन ‘अशीच, बारीक होती’. त्यांतल्या दोघांची नावं ठेवायची राहूनच गेली होती.

दाजींना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, मी काय वाईटासाठी पाठवलं?’ ठाऊक आहे, वाईटासाठी नाही. म्हणूनच म्हणते, ज्या ज्या ग्रुपवर टाकलंय तिथं तिथं स्वतः लिहा, की गोळ्या चालू ठेवा. अजून लिहिलेलं नाही. भाचीचं रक्त मी येत्या पंधरवड्यात परत काढणार आहे, तोवर लिहा.